विमानातून अमूर्त भूदृश्यं टिपताना: आधी फोकसचा प्रश्न मिटवा, मग कडा सांभाळा

३०० मीटर उंचीवरून सरळ खाली पाहत ५० मिमीच्या लेन्सने फोटो काढला, तर फुल-फ्रेम (३६ बाय २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्याच्या चौकटीत जमिनीचा साधारण २१६ बाय १४४ मीटरचा तुकडा मावतो. चार आसनांचं छोटं विमान फोटोसाठी मुद्दाम हळू चालवलं तरी त्याचा वेग ८० नॉटच्या आसपास, म्हणजे सेकंदाला ४१ मीटर असतो. चौकटीची लांब बाजू उड्डाणाच्या दिशेत असेल तर तो तुकडा पाच सेकंदांत निघून जातो, आखूड बाजू असेल तर साडेतीन सेकंदांत.

फोकस बसला का, शटर पुरेल का, हे प्रश्न त्या पाच सेकंदांत डोक्यात असतील तर रचनेसाठी काहीच उरत नाही. आणि अमूर्त भूदृश्यात रचना हीच सगळी गोष्ट आहे. ओळखीचा चेहरा नाही, प्रसंग नाही, क्षितिज नाही. रेषा, रंग, पोत आणि चौकटीच्या चार कडा एवढंच सामान. म्हणून तांत्रिक बाजू रचनेआधीच संपवायची, निम्मी जमिनीवर आणि निम्मी उड्डाणाच्या पहिल्या दहा मिनिटांत.

उड्डाणाआधी

जागा उपग्रह-नकाशावर शोधा, पण चौकटी तिथेच ठरवून टाकू नका. नकाशावरची प्रतिमा कुठल्या ऋतूतली, कुठल्या वेळची असते हे पाहिल्याशिवाय ती फसवते. आइसलंडमधल्या हिमनद्यांतून निघणारे प्रवाह उन्हाळ्यात गढूळ पाण्याने भरतात आणि काळ्या वाळूवर एकमेकांत गुंतत-सुटत वाहतात. थंडीत तिथलं चित्र पार वेगळं असतं. ब्राझीलमधल्या लेन्सॉइस मारान्येन्सेसच्या पांढऱ्या वाळूत पावसाचं पाणी साचून निळी-हिरवी तळी तयार होतात. पावसाळा सरता सरता ती भरलेली असतात आणि वर्ष संपत आलं की बरीचशी आटतात. टांझानियातल्या नेट्रॉन सरोवराचा तांबडा रंग क्षार मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा आहे; कोरड्या ऋतूत पाणी आटून क्षार वाढले की तो गडद होतो. मिठागरांतही हेच कारण असतं. पाणी जितकं खारट होत जाईल तसा हिरव्यापासून गुलाबी-तांबड्याकडे रंग सरकतो, त्यामुळे शेजारशेजारचे वाफे वेगवेगळ्या रंगांचे दिसतात. खाडीतल्या चिखलाच्या शिरा टिपायच्या असतील तर ओहोटीची वेळ आधी पाहा, कारण भरतीत त्यातलं काहीच दिसत नाही.

नकाशावरून तीन गोष्टी लिहून घ्या: जागेचे अक्षांश-रेखांश, तिथल्या मुख्य रेषा कुठल्या दिशेने जातात, आणि उड्डाणाच्या वेळी सूर्य कुठे आणि किती वर असेल. हाच कागद वैमानिकाच्या हाती द्यायचा.

उंची आणि लेन्स एकत्रच ठरवा. उंची दुप्पट केली की चौकटीतली जमीन लांबीलाही दुप्पट आणि रुंदीलाही दुप्पट होते: ६०० मीटरवरून ५० मिमीची लेन्स ४३२ बाय २८८ मीटर दाखवते, तर ८५ मिमीची लेन्स सुमारे २५४ बाय १६९ मीटर. मनातल्या विषयाचा आकार नकाशावर मोजा आणि त्यावरून लेन्स निवडा. यलोस्टोनमधला ग्रँड प्रिझमॅटिक हा गरम पाण्याचा झरा शंभरेक मीटर रुंद आहे. तो पूर्ण हवा की त्याच्या काठाचे केशरी धागे हवेत, यावर लेन्स बदलते. किमान उंचीचेही नियम असतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सर्वसाधारणपणे मोकळ्या प्रदेशावर १५० मीटर आणि दाट वस्तीवर तिथल्या सर्वांत उंच अडथळ्यापासून ३०० मीटर. देशागणिक त्यात भर पडते आणि अभयारण्यांवर मर्यादा आणखी कडक असते. पक्ष्यांच्या वसाहतींवर तर परवानगी असली तरी खाली जाऊ नये. फ्लेमिंगोंचा थवा विमानाच्या आवाजाने उठला तर त्या फोटोची किंमत पक्षी मोजतात.

शक्य असेल तर दोन कॅमेरे घ्या, एकावर २४–७० मिमीची आणि दुसऱ्यावर ७०–२०० मिमीची झूम लेन्स. उघड्या खिडकीशी लेन्स बदलायची नाही. हातातून निसटलेलं झाकणसुद्धा विमानाच्या शेपटीवर किंवा खाली कुणाच्या अंगावर जाऊ शकतं. एकच कॅमेरा असेल तर ५० किंवा ८५ मिमीची प्राइम (म्हणजे झूम न होणारी) लेन्स मला झूमपेक्षा जास्त भरवशाची वाटते. का, ते पुढे फोकसच्या भागात येईल.

फोकस: एकदाच, पण नीट

हवाई फोटोत डेप्थ ऑफ फील्डची, म्हणजे किती अंतरापासून किती अंतरापर्यंत सगळं धारदार येईल याची, चिंता बहुतेक वेळा विनाकारण केली जाते. ५० मिमीच्या लेन्सचं ॲपर्चर (आतलं छिद्र; एफचा आकडा वाढला की ते लहान होतं) एफ/४ ला असेल तर नेहमीच्या हिशेबाने हायपरफोकल अंतर (जिथे फोकस केला की अनंतापर्यंत सगळं धारदार येतं ते सर्वांत जवळचं अंतर) जेमतेम २१ मीटर येतं. पिक्सेलच्या पातळीवर काटेकोर हिशेब केला तरी ते १२५ मीटरच्या आसपासच राहतं. म्हणजे ३०० मीटरवर फोकस केला की ९० मीटरपासून अनंतापर्यंत सगळं धारदार. इथे एफ/११ लावून काहीच मिळत नाही, उलट शटर मंदावतो आणि फोटो हलतो. एफ/४ ते एफ/५.६ हीच जागा योग्य. बऱ्याच लेन्स इथे कोपऱ्यांपर्यंत उत्तम असतात आणि अमूर्त चित्रात कोपरे मध्याइतकेच महत्त्वाचे आहेत.

लांब लेन्सने तिरकं पाहताना मात्र हिशेब बदलतो. २०० मिमी, एफ/४ आणि ६०० मीटरवर फोकस असेल तर काटेकोर अर्थाने साधारण ४६० ते ८६० मीटर एवढाच पट्टा धारदार असतो. चौकटीचा वरचा भाग दीड किलोमीटरवर असेल तर तो मऊच येणार. अशा वेळी एफ/८ ला जा, पट्टा ३७५ ते १५०० मीटर होतो. किंवा कोन अधिक सरळ खाली घ्या.

आता प्रत्यक्ष कृती. लेन्सची रिंग शेवटपर्यंत फिरवली म्हणजे फोकस अनंतावर गेला, असं नसतं. ऑटोफोकसच्या लेन्स तापमानातल्या बदलांसाठी अनंताच्याही थोड्या पुढे फिरतात, आणि त्या टोकाला फोटो हमखास मऊ येतो. म्हणून असं करा:

१. फोटो काढायच्या उंचीवर आणि वेगावर आल्यावर खिडकी उघडा आणि दोन-चार मिनिटं जाऊ द्या. लेन्स बाहेरच्या गार हवेशी जुळवून घेते.

२. खाली ठळक कड असलेली वस्तू शोधा: रस्त्याची कडा, बांध, छप्पर, किनारा. ऑटोफोकसचा एकच बिंदू तिच्यावर ठेवून फोकस करा आणि तीन-चार फोटो काढा.

३. स्क्रीनवर शंभर टक्के मोठे करून तपासा, मध्य आणि चारही कोपरे.

४. समाधान झालं की फोकस मॅन्युअलवर टाका आणि रिंगवर गॅफर टेपचा (डाग न ठेवता निघणाऱ्या कापडी चिकटपट्टीचा) तुकडा चिकटवा.

५. विजेवर फिरणाऱ्या फोकसच्या लेन्समध्ये कॅमेरा बंद केला किंवा झोपला की फोकसची जागा बदलू शकते. काही कॅमेऱ्यांत ती लक्षात ठेवण्याचा पर्याय असतो, तो आधीच चालू करा. नसेल तर कॅमेरा झोपण्याची वेळ वाढवा आणि जागा झाल्यावर पुन्हा तपासा.

झूम फिरवला की बऱ्याच लेन्समध्ये फोकस किंचित सरकतो. प्राइम लेन्स भरवशाची म्हणालो ती यासाठी. झूम वापरत असाल तर फोकल लेंग्थ बदलल्यावर दुसरी आणि तिसरी पायरी पुन्हा करा. उंचीत मोठा फरक पडला किंवा कॅमेरा कशावर आपटला, तरीही.

ऑटोफोकसवरच ठेवायचं असेल तर फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर द्या, म्हणजे प्रत्येक फोटोला लेन्स नव्याने शोधाशोध करणार नाही. अमूर्त विषयांत हा धोका खरा आहे. सपाट पाणी, मऊ वाळू, मीठ, धुकं यांवर पकडायला कड नसते आणि लेन्स पुढे-मागे भरकटत राहते. तेवढ्यात पाच सेकंद संपतात. बिंदू नेहमी दोन पोत जिथे भेटतात तिथे ठेवा. चेहरा किंवा वस्तू ओळखणारी सगळी मदत बंद करा.

शटर, हात आणि कंप

१/१००० सेकंदात विमान चार सेंटीमीटर पुढे सरकतं. ३०० मीटरवरून ५० मिमीच्या लेन्समध्ये हे सेन्सरवर जवळपास सात मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतं, आणि ४५ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल चार मायक्रॉनहून थोडा मोठा असतो. म्हणजे दीड पिक्सेलाची ओढ आली. १/२००० ला ती एका पिक्सेलाच्या आत येते, म्हणून माझ्या मते तोच किमान आकडा. लेन्स दुप्पट लांब झाली तर शटरही दुप्पट वेगाचा हवा. शटर आणि ॲपर्चर मॅन्युअल, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटो आणि त्याची कमाल १६०० च्या आसपास, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). या मांडणीत हात घालायची वेळ क्वचितच येते. मीठ, बर्फ, पांढरी वाळू यांवर मात्र कॅमेरा फोटो काळवंडून टाकतो, तिथे एक ते पावणेदोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) उजळ करा आणि हिस्टोग्रामची (उजेडाच्या आलेखाची) उजवी कड भिंतीला लागत नाही ना ते पाहा.

शटर यांत्रिक ठेवा. साध्या सेन्सरवर इलेक्ट्रॉनिक शटर ओळीओळीने चित्र वाचतो आणि विमानाच्या कंपाने सरळ बांधसुद्धा नागमोडी येतात.

कोपर, मनगट, कॅमेरा यांतलं काहीही विमानाच्या दारावर, खिडकीवर, चौकटीवर टेकवू नका. जमिनीवर टेकून स्थिरता मिळते, इथे टेकलात की इंजिनाचा सगळा कंप हातात उतरतो. कोपरं बरगड्यांशी घ्या आणि कंबरेवरचं शरीर आसनापासून थोडं सुटं ठेवा. लेन्सचं तोंड खिडकीच्या रेषेच्या आतच राहू द्या. ते बाहेर गेलं की वारा कॅमेरा हिसडतो. लेन्स-हूड जमिनीवरच काढून ठेवा.

विमान आणि वैमानिक

वर पंख असलेलं विमान हवं. सेस्ना १७२ ची खिडकी वरच्या बाजूने बिजागरीवर असते. तिचा अडवणारा दांडा तंत्रज्ञाकडून आधी काढून घेतला तर उड्डाणात वाऱ्यानेच ती पंखाखाली उचललेली राहते. काचेतून काढायची वेळ आली तर काच आतून-बाहेरून पुसा, गडद कपडे घाला आणि पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) काढून टाका. खिडकीच्या प्लास्टिकवरचा ताण त्यातून इंद्रधनुषी पट्ट्यांच्या रूपात दिसतो. हेलिकॉप्टरमध्ये दार काढून बसता येतं आणि नजर मोकळी मिळते. तिथे एका जागी तरंगत राहण्यापेक्षा हळू पुढे जात राहिलं तर कंप सहसा कमी असतो.

पंख समतल असताना सरळ खाली पाहता येत नाही, चाक आणि पंखाचा आधारदांडा मध्ये येतात. त्यासाठी विमान कलवावं लागतं. ४५ अंश कलून उंची राखत घेतलेल्या वळणात शरीरावर १.४ पट भार येतो, ६० अंशांत दुप्पट. आणि विमान ज्या वेगाखाली हवेत टिकत नाही तो वेगही अनुक्रमे सुमारे १९ आणि ४१ टक्क्यांनी वाढतो. कमी उंची, कमी वेग आणि तीव्र कल हे तिन्ही एकत्र येणं जीवघेणं आहे. म्हणून "अजून थोडं कलवा, अजून थोडं हळू" असा आग्रह कधीच धरायचा नाही. वैमानिकाने नाही म्हटलं की विषय संपला. फोटो काढणारा आणि विमान चालवणारा वेगवेगळा असणंच योग्य. अमेरिकी हवाई छायाचित्रकार विल्यम गार्नेट दोन्ही कामं स्वतः करत आणि त्यांची वाळूची छायाचित्रं आजही अभ्यासावीत अशी आहेत, पण ते निष्णात वैमानिक होते.

निघण्याआधी दहा मिनिटं बसून शब्द ठरवून घ्या. दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगायची: नाकासमोर बारा, उजव्या पंखाला तीन, डाव्याला नऊ. "डावा वळसा, नऊ वाजता पांढरं तळं" एवढं वाक्य पुरतं. आसनाचा पट्टा, कॅमेऱ्याचा गळपट्टा, खिशातल्या सगळ्या सुट्या वस्तू दोघांनी मिळून तपासायच्या.

प्रकाश

वाळू आणि नांगरलेल्या जमिनीला खालचा सूर्य लागतो. सूर्य १५ अंशांवर असताना दहा मीटर उंचीच्या टेकडीची सावली ३७ मीटर लांब पडते, आणि ती सावली म्हणजेच तुमची रेषा. उथळ पाण्यातले रंग आणि तळ पाहायचा असेल तर सूर्य वर हवा. मात्र तो फार वर आला तर सरळ खाली पाहताना पाण्यात त्याचंच प्रतिबिंब चमकतं. ढगांचा पातळ थर असेल तर मिठागरं आणि खनिजांचे रंग सर्वांत शुद्ध येतात. अशा दिवशी उड्डाण रद्द करणारे पुष्कळ पाहिलेत, पण रंगांसाठी मी तोच दिवस निवडतो.

धुरकटपणा हवेच्या थराबरोबर वाढतो. सरळ खाली पाहताना तो थर सर्वांत पातळ असतो. उभ्या रेषेपासून ६० अंश तिरकं पाहिलं तर दुप्पट हवेतून पाहावं लागतं. पोलरायझरचा पाण्यावर सर्वाधिक उपयोग उभ्या रेषेपासून ५३ अंशांच्या कोनात होतो, सरळ खाली तो जवळजवळ निरुपयोगी असतो आणि दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो. मी तो सहसा लावत नाही.

सूर्य बरोबर पाठीशी असेल तर विमानाची सावली आणि तिच्याभोवतीचा उजळ डाग चौकटीत येऊ शकतो. किंचित वळलं की तो बाहेर जातो, पण आधी दिसायला हवा.

रचना: चार कडांचं काम

पहिला वळसा कॅमेरा खाली ठेवून घ्या. विषयाभोवती पूर्ण फेरी होताना प्रकाश एकदा समोरून, एकदा बाजूने, एकदा मागून पडतो आणि तीच जमीन चार वेगळी चित्रं दाखवते. कुठल्या बाजूने पाहायचं ते या फेरीत ठरतं. दुसऱ्या फेरीत फोटो.

क्षितिज बाहेर काढा. ते आत आलं की डोळा लगेच अंतर मोजू लागतो आणि चित्र "वरून दिसलेलं अमुक ठिकाण" होऊन बसतं. मग एकच प्रश्न विचारा: या तुकड्यात घडतंय काय? दोन पोत एका रेषेवर भेटतायत, एक आकार पुन्हा पुन्हा येतोय, एक रेषा फांद्या फोडतेय, की एका मोठ्या रंगात दुसऱ्याचा ठिपका आहे? एका चौकटीत यांतलं एकच. नदीचं जाळंही हवं, शेजारची शेतंही हवीत आणि किनाराही हवा, असा फोटो नकाशासारखा होतो. नकाशाला कड कुठेही चालते; चित्राची कड सरकवली तर ते बिघडायला हवं. फोटो जमलाय की नाही याची माझी कसोटी हीच आहे.

विषय दिसला की नजर मध्यावरून काढून कडांवर न्या. मध्याकडे लक्ष आपसूक जातं, कडांकडे न्यावं लागतं. रेषा नेमक्या कोपऱ्यातून बाहेर जात असेल तर नजरही तिच्याबरोबर चित्राबाहेर पडते; थोडं सरकवून ती कोपऱ्याच्या आधी किंवा नंतर सोडा. कडेवर अर्धा कापलेला उजळ ठिपका, रस्त्याचा तुकडा, दुसऱ्याच रंगाची पाचर असे लहानसे अवशेष अमूर्त चित्राला सर्वांत जास्त मारतात, कारण अशा चित्रात कुठलाच आकार पार्श्वभूमी म्हणून दुर्लक्षित राहत नाही. कडांपाशी दहाएक टक्के जागा मोकळी घ्या. विमान हलत असताना अचूक कापणं जमत नाही, आणि नंतर चित्र थोडं फिरवायलाही जागा लागते.

एकसारखी नक्षी असेल तर ती मोडणारी जागा शोधा. शंभर समांतर सऱ्या पाहून डोळा थकतो. त्यांतली एक वाकलेली असेल तर तो तिथे थांबतो. मोडणारी जागा मध्यापासून दूर ठेवा. रंगही मोजके बरे, दोन किंवा तीन.

मापाची खूण ठेवायची की नाही, हा निर्णय मुद्दाम घ्या. एखादी नाव, जनावरांची पायवाट किंवा एकटं झाड आत आलं की बघणाऱ्याला सगळ्याचा आकार कळतो. काही चित्रं त्याने उजळतात, काही तिथेच संपतात. वेळ मिळाला तर दोन्ही काढा. मला स्वतःला खूण अशी हवी असते, की ती पहिल्या नजरेत दिसत नाही आणि दिसल्यावर सगळं चित्र एकदम विशाल होतं.

सरळ खाली आणि तिरकं या दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. सरळ खाली पाहिलं तर खोली जाते, फक्त आराखडा उरतो. मिठागरं, शेतं, नदीचे फाटे यांना हे मानवतं. वाळूच्या टेकड्यांना थोडा तिरका कोन हवा, नाहीतर त्यांच्या धारा मऊ पडतात. आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटाच्या उंच टेकड्यांवर हा फरक फार ठळक दिसतो.

शेवटी वेळ साधणं. मनातली चौकट जुळण्याच्या जरा आधी सुरुवात करा, तीन-तीनच्या छोट्या मालिका घ्या आणि जुळून गेल्यावरही एक घ्या. बटण दाबून धरून पन्नास फोटो घेण्यात अर्थ नाही. कॅमेरा फिरवा, आडवी, उभी, तिरपी, कुठलीही चौकट इथे चालते.

प्रवासी विमानातून

पंखाच्या पुढची, सूर्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी घ्या. पंखामागच्या जागेतून इंजिनाच्या गरम हवेमुळे चित्र थरथरतं. विमान चढताना आणि उतरतानाच जमीन पुरेशी जवळ असते. रबरी हूड किंवा काळं कापड लावून लेन्स काचेच्या अगदी जवळ, पण न टेकवता धरा. ॲपर्चर एफ/४ च्या आसपास ठेवलं तर काचेवरचे ओरखडे विरघळतात. ऑटोफोकस ओरखड्यावर अडकू शकतो, म्हणून इथेही फोकस एकदा बसवून मॅन्युअल. काही विमानतळांवर छायाचित्रणाला बंदी असते, ती पाळा.

उतरल्यावर

निवड करताना प्रत्येक फोटो चारही बाजूंनी फिरवून पाहा. सरळ खाली काढलेल्या चित्राला वरची बाजू नसते, पण मेंदू प्रकाश वरून येतो असं धरूनच चालतो. सावल्या वरच्या दिशेला पडल्या असतील तर उंचवटे खड्ड्यांसारखे आणि दऱ्या डोंगरांसारख्या दिसतात. फोटो १८० अंशांत फिरवला की ते सुलटं होतं. कधी कधी उलटं दिसणंच जास्त सुंदर असतं. ठेवायचं तर जाणून ठेवा.

धुरकटपणा कमी करण्यासाठी काळी पातळी खाली आणा, निळसर झाक थोडी काढा आणि तिथेच थांबा. मीठ आणि खनिजांचे रंग मुळातच अविश्वसनीय असतात, ते आणखी वाढवले की बघणारा खऱ्या रंगावरही विश्वास ठेवत नाही. मग निवडलेल्या प्रत्येक फोटोपुढे उंची, लेन्स, सूर्याची स्थिती आणि पाण्याची पातळी लिहून ठेवा. त्याच जागेवर पुन्हा जाताना वैमानिकाला द्यायचा कागद यावरूनच तयार होतो.